जागा बदलून बसा

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी शिकवायला आलेल्या हसऱ्या बाईंनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. ‘प्रत्येक विद्यार्थ्याला नावाने हाक मारा’ ही पहिली. ‘जागा बदलून बसवा’ ही दुसरी. बाकीचे प्राध्यापक जांभया देत होते. मला मात्र घाम फुटला होता, पंखा डोक्यावर असून.

विद्यापीठाने यंदा फतवा काढला होता की शिकवणाऱ्या सगळ्यांनी शिकवायचं कसं हे शिकायचं. वर्गात कोणी मागे पडू नये, कोणाला परकं वाटू नये, म्हणून हे प्रशिक्षण. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे गणितवाले सर म्हणाले, "इतकी वर्षं खडू घासला, आता या सांगणार खडू कसा धरायचा." सगळे हसले, मीही हसले. त्यांना ती कटकट होती. माझं पितळ उघडं पडायची वेळ आली होती.

मला चेहरे ओळखू येत नाहीत. चष्म्याचा दोष नाही, विसराळूपणा नाही. नाक दिसतं, डोळे दिसतात, ओठ दिसतात, पण त्यांचा मिळून माणूस होत नाही. नवऱ्याला मी त्याच्या चालीवरून ओळखते, नणंदेला आवाजावरून. गणितवाल्यांना मिशीवरून ओळखत होते, आणि एक दिवस ते मिशी काढून आले. मी त्यांना विचारलं, आपल्याला कोणाला भेटायचंय? त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. दिवसभर ते सगळ्यांना सांगत सुटले. मी स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारत उभी राहिले.

हसण्यावारी नेता येतं ते सगळं मी नेत आले. एक गोष्ट नेता आली नाही. माझी मुलगी बालवाडीत होती तेव्हा एका दुपारी मी फाटकापाशी तिचा हात धरला आणि चालायला लागले. लाल स्वेटर, दोन शेंड्या. ती मुलगी रडायला लागली तेव्हा मला कळलं की हा हात माझ्या लेकीचा नाही. वळून पाहिलं तर दुसरी एक लाल स्वेटरवाली भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. ती रडत नव्हती. रडणाऱ्या मुलीची आई मला काय काय बोलली ते मी ऐकलंच नाही. मी फक्त तिच्याकडे बघत होते, जी रडत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, मेंदूची ठेवणच अशी असते काहींची, औषध नाही. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "कोणाला सांगू नकोस. शिकवायला ठेवणार नाहीत तुला." मलाही तेच वाटलं. वर्षानुवर्षं हंगामी नेमणुकीवर काढली होती मी, आणि यंदा कायम होण्याचा विषय समितीपुढे जाणार होता. वर्गातली साठ पोरं जिला ओळखू येत नाहीत अशा बाईला कायम कोण करणार?

म्हणून माझ्या वर्गात जागा ठरलेल्या असत. ज्याने पहिल्या आठवड्यात जो बाक धरला तो त्याचा, वर्ष संपेपर्यंत. माझ्या डोक्यात वर्गाचा नकाशा असे आणि नावं बाकांना चिकटलेली असत. मुलं मागून मला जेलरबाई म्हणायची. मला ते माहीत होतं आणि त्याचं बरंच वाटायचं. कडक समजलेलं परवडतं.

यंदाच्या पहिल्या आठवड्यात एक मुलगी माझ्या टेबलाशी आली होती. नाव सांगितलं आणि मग मागे कोणी नाही ना ते पाहिलं.

"बोल ना," मी म्हटलं.

"मॅडम, मला फिट येते. नेहमी नाही. लुकलुकणारा दिवा समोर आला की येते. आपल्या विषयात तसले प्रयोग असतात असं ऐकलं."

मी म्हटलं, असतात एखाद-दोन, त्याआधी मी तुला सांगत जाईन, तू बाहेर जा.

"पण कोणाला कळू देऊ नका. आधीच्या कॉलेजात मी खाली पडले तेव्हा पोरांनी मोबाइलवर शूटिंग केलं. सगळ्यांनी बघितलं ते. म्हणून इकडे आलेय मी."

ती हे इतक्या शांतपणे बोलली की मला माझी भिंतीला टेकलेली लेक आठवली. मी तिला दाराजवळचा दुसऱ्या रांगेतला बाक दिला. म्हटलं, तिथून कोणाच्या लक्षात न येता निघता येईल. कोणाला कळणार नाही असा शब्दही दिला. प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी त्या बाकापाशी रेंगाळत असे आणि वहीत बघितल्यासारखं करून ‘उद्या नको’ एवढंच म्हणत असे. ती मान हलवी. आमचं छान जमलं होतं. पण मला ओळखीचा होता तो बाक, ती नव्हे. उद्या ती रस्त्यात समोर आली असती तर मी तिला ओलांडून गेले असते.

आता हा बाकच जाणार होता.

हसऱ्या बाई वाईट असत्या तर मी त्यांच्यावर मनसोक्त चिडले असते. पण त्या शहाण्या निघाल्या. प्रश्न विचारलात की गप्प बसा, पहिला हात वर झाला म्हणून लगेच त्यालाच विचारू नका, म्हणाल्या. मी तसं केलं आणि कधी तोंड न उघडणारे तीन बाक बोलायला लागले. फळ्यावर लिहिता ते मोठ्याने वाचा, म्हणाल्या. त्यानंतर मागच्या रांगेतल्या एका मुलाने सांगितलं की त्याला फळा कधीच नीट दिसत नव्हता. इतकी वर्षं शिकवून मला हे सुचलं नव्हतं याचा मला राग आला, आणि ज्याचं म्हणणं बरोबर आहे अशा माणसाची जास्तच भीती वाटायला लागली. जागांबद्दलही त्यांचं बरोबरच होतं. हुशार पोरं पुढे, बुजरी मागे, आणि मी त्यांना वर्षभर तिथेच खिळवून ठेवत होते.

एकदा चहाच्या वेळी मी धीर करून विचारलं, "समजा एखाद्याला ठरलेली जागाच हवी असेल, काही कारणानं?"

"कोणाला?" त्यांनी कप खाली ठेवला. "विद्यार्थ्याला की शिकवणाऱ्याला?"

त्यांनी हे इतकं सरळ विचारलं की शब्द माझ्या जिभेवर आले होते. तेवढ्यात विभागप्रमुख बिस्किटं घ्यायला आले. मी म्हटलं, "असंच, सहज." बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत काय होतं ते मला कळलं नाही, कधीच कळत नाही.

प्रशिक्षणाचा शेवट म्हणजे एक तास. आम्ही शिकवायचं, बाईंनी आणि विभागप्रमुखांनी मागे बसून बघायचं, आणि दोघांचं मत समितीकडे जायचं. जागा बदलणं आणि नावाने हाक मारणं दोन्ही बघितलं जाणार होतं. आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही. अखेर नवऱ्यानेच तोड काढली. "प्रत्येकाला कागदाची घडी घालून त्यावर नाव लिहायला लाव आणि पुढ्यात उभी करायला सांग. दुकानात भावाची पाटी असते ना, तशी."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. कितीतरी दिवसांनी झोप लागली.

तासाच्या दिवशी टेबलखुर्च्यांची खोली घेतली होती. मुलांनी रंगीत चिठ्ठ्या उचलल्या, एका रंगाच्या मुलांनी टेबलं जोडून गट केले आणि सगळ्यांनी पुढ्यात नावं उभी केली. मी टेबलांमधून फिरत होते, पाट्या वाचत होते, खुशाल नावं घेऊन हाका मारत होते. मुलं चकित झाली. जेलरबाई चक्क हसून हाका मारतायत. मागे बाई हसत होत्या आणि विभागप्रमुख मान डोलावत होते. त्या मुलीची पाटी खिडकीजवळच्या टेबलावर होती. केस वर बांधलेले, अंगात हिरवा सदरा, असं मी घोकून ठेवलं. एक क्षण तर मला वाटलं की मी उगाच जिवाला घोर लावून घेतला होता.

मग गटांची पाळी आली. प्रत्येक गटाने फिरत्या वस्तूंवरची एक कल्पना त्यांना हवी तशी समजावून सांगायची होती. कोणी बोलून, कोणी चित्र काढून, कोणी करून दाखवून. हेही बाईंचंच, आणि हेही बरोबरच. मी प्रत्येक गटाला त्यांचा विषय आधी विचारून घेतला होता. साधन काय वापरणार ते विचारायचं मला सुचलं नाही. सगळं लक्ष माझं त्या पाट्यांमध्ये.

दोन गट झाले. तिसऱ्यातल्या एका उंच मुलाने मधल्या टेबलावर छोटा पंखा ठेवला. पात्याला खडूची खूण केलेली. शेजारी प्रयोगशाळेतला दिवा.

"हा पंखा जोरात फिरत असताना आम्ही तो तुम्हाला थांबलेला दाखवणार आहोत," तो म्हणाला. "दिवा भराभर लुकलुकेल. सगळे जवळ या. अरे, पडदे ओढा कोणीतरी."

पडदे ओढले गेले, दिवे बंद झाले, खुर्च्या सरकल्या आणि अख्खा वर्ग उठून त्या टेबलाभोवती गोळा झाला. पाट्या टेबलांवरच राहिल्या. मी खिडकीच्या टेबलाशी धावले. तिचं नाव होतं, खुर्ची रिकामी होती.

पडद्याच्या फटीतून येईल तेवढाच उजेड. त्या उजेडात हिरवं काय आणि काळं काय. मी गर्दीत शिरले. एकेका चेहऱ्याजवळ जाऊन बघत होते. नाक, डोळे, ओठ. नाक, डोळे, ओठ. पंख्याची घरघर सुरू झाली. नाव घेऊन हाक मारावी तर का मारली ते सगळ्यांना सांगावं लागणार. थांबा म्हणावं तरी तेच. मागे दोन माणसं माझं भवितव्य लिहीत बसलेली.

केस वर बांधलेली एक मुलगी दिसली. अंगावर सदराच होता. मी तिचा दंड धरला आणि कानात म्हटलं, "तू बाहेर जा. आत्ता, लगेच."

"मी?" ती मोठ्याने म्हणाली. "का मॅडम? मी काय केलं?"

तो आवाज तिचा नव्हता. सगळी डोकी आमच्याकडे वळली आणि मी पुन्हा बालवाडीच्या फाटकापाशी उभी होते, हातात भलत्याच लेकराचा हात.

आणि दिवा सुरू झाला.

पांढरा उजेड, काळोख, पांढरा उजेड, काळोख. माणसं तुकड्यातुकड्यांनी दिसत होती. एक कान, अर्धा गाल, वर उचललेला हात. त्या उजेडात कोणालाच कोणी ओळखू येत नसणार, सगळा वर्ग माझ्यासारखा झाला असणार. कोणीतरी "वा" म्हणालं. कोणत्याही क्षणी धप्पकन आवाज येईल, कोणीतरी खिशातून मोबाइल काढेल. मी लोकांना ढकलत टेबलापर्यंत गेले, वायर हाताला लागली ती ओढली, आणि भिंत चाचपत दिव्यांची बटणं दाबली.

सगळे डोळे चोळत होते. कोणी पडलं नव्हतं.

"काय झालं, मॅडम?" विभागप्रमुख उठून उभे राहिले होते. "छान चाललं होतं की."

वेळ मारून न्यायला मला अनेक गोष्टी येतात. आयुष्यभर तेच केलंय. शॉक बसला म्हणता आलं असतं. पण जिचा दंड मी धरला होता ती मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या शेजारच्या दोघी तिच्यापासून जराशा लांब सरकल्या होत्या.

"अशा दिव्याने काही माणसांना त्रास होतो," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "गंभीर त्रास. तो लावण्याआधी विचारायला हवं, ते मी विचारलं नाही. चूक या गटाची नाही, माझी आहे. या वर्गात तसं कोणीतरी आहे आणि मी त्या व्यक्तीला बाहेर जायला सांगत होते. मी चुकीच्या मुलीला सांगितलं. ती व्यक्ती ही नाही."

मग मी तिच्याकडे वळले. "मी तुला ओळखलं नाही बाळ. मी कोणालाच ओळखत नाही. मला चेहरे ओळखू येत नाहीत, पहिल्यापासून. तुम्ही जागेवर असता म्हणून मला तुमची नावं येतात."

मग मागच्या बाजूने कुजबुज सुरू झाली. मुलं एकमेकांकडे बघायला लागली, कोण, कोण, असं. मी तास तिथेच संपवला.

वर्ग रिकामा झाल्यावर मी खुर्चीत बसले. बाई आणि विभागप्रमुख बाहेर व्हरांड्यात बोलत होते. हळू आवाजात बोलत होते, म्हणजे माझ्याबद्दलच. टेबलांवरच्या पाट्या तशाच होत्या.

दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. अशा वेळी मी हसते, ‘ये ना’ म्हणते आणि ती बोलेपर्यंत अंदाज बांधत बसते. त्या दिवशी माझ्यात तेवढं त्राण नव्हतं.

"कोण तू?" मी विचारलं. "नाव सांग."

तिने नाव सांगितलं. तीच होती.

मी उठून उभी राहिले. "तुला काही झालं नाही ना?"

"दिवा लागल्या लागल्या मी डोळे मिटले. पण पापण्यांतूनसुद्धा येतो तो उजेड. डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या होत्या. तसं सुरू झालं की मग थांबत नाही." ती आपला डावा हात चोळत होती. "बाहेर जायची हिंमत होत नव्हती. सगळे बघतील म्हणून. अजून थोडा वेळ राहिला असता तर..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. मी तिला पाण्याची बाटली दिली. ती दोन घोट प्यायली आणि म्हणाली, "मॅडम, आता सगळे शोधतायत. बाहेर पोरं पैजा लावतायत."

शब्द दिला होता तो मी अर्धा मोडलाच होता.

तेवढ्यात विभागप्रमुख आत आले. मागोमाग बाई. त्या आता हसत नव्हत्या.

"मॅडम, हे फार अवघड करून ठेवलंत तुम्ही," विभागप्रमुख म्हणाले. ते दुष्ट नाहीत, घाबरट आहेत. मला घाबरटपणा चांगला कळतो. "उद्या काही झालं असतं तर जबाबदार कोण? त्या विद्यार्थ्याची नोंद कार्यालयात हवी. पालकांना बोलवावं लागेल, वर्गाला सूचना द्यावी लागेल. नाव सांगा."

"ते मी सांगू शकत नाही."

"मॅडम, समजून घ्या. तुमचा विषय समितीपुढे आहे. धोका ओळखून प्रयोग थांबवला असं मी लिहू शकतो, तुमच्या बाजूने जाईल ते. पण त्याला आधार लागेल ना. नाव नसेल तर उरतं काय? ऐन तासात गोंधळ घातला, आणि परीक्षेला भलताच कोणी येऊन बसला तरी यांना कळणार नाही. कळेल का तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं. "कळणार नाही."

बाई म्हणाल्या, "सर, तिला स्वतःहून सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल. तोपर्यंत—"

"तोपर्यंत माझी झोप गेली," ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष दाराजवळच्या मुलीकडे गेलं. ती बाटली छातीशी धरून भिंतीला चिकटून उभी होती, आणि तिचा चेहरा, एवढं मलाही दिसत होतं, पांढरा पडला होता.

"ही कोण?" त्यांनी मला विचारलं. "हीच का ती?"

खोली एकदम लहान झाली. कायम नेमणूक, घराचे हप्ते, नवऱ्याचं ‘कोणाला सांगू नकोस’, सगळं एकाच वेळी आठवलं. मी त्या मुलीकडे बघितलं. नाक, डोळे, ओठ. इतक्या वर्षांत माझ्या या उणेपणाचा मला कधी म्हणून उपयोग झाला नव्हता.

"मला काय विचारता, सर," मी म्हटलं. "आत्ताच सगळ्यांसमोर सांगितलं ना. मी चेहरे ओळखत नाही. ही कोण आहे मला माहीत नाही."

बाईंनी खिडकीकडे तोंड केलं. मुलीने बाटली हळूच टेबलावर ठेवली आणि ती बाहेर गेली. व्हरांड्यात पोरांचा घोळका होता, ती त्यात मिसळली, आणि पुढच्या क्षणाला ती त्यांच्यातली कोणती ते मला खरोखरच सांगता आलं नसतं.

"मग मला लिहावं लागेल," विभागप्रमुख म्हणाले.

"लिहा," मी म्हटलं, आणि टेबलांवरच्या पाट्या गोळा करायला लागले.